शब्द, कागद आणि ठासणीची बंदूक

रत्नागिरी जिल्ह्यातील माणूस कागदाच्या बाबतीत बेफिकीर आहे, असा आरोप त्याच्या शत्रूनेही कधी केलेला नाही. फणसाच्या एका झाडाच्या हिश्श्यासाठी, परड्यातल्या हातभर बांधासाठी किंवा पाणंदीच्या वहिवाटीसाठी येथे दोन दोन पिढ्या न्यायालयाच्या पायऱ्या झिजवतात; आजोबांच्या वेळची पावती पेटीच्या तळाशी जपून ठेवलेली असते आणि योग्य वेळी ती बाहेर निघते. अशा या कागदप्रिय मुलखात एक वस्तू मात्र अद्यापही केवळ तोंडच्या शब्दावर एका घरातून दुसऱ्या घरात जाते, याचे आश्चर्य वाटल्याशिवाय राहत नाही. ती वस्तू म्हणजे बंदूक. झाडाच्या हिश्श्यात चूक झाली तर फार तर फणस जातील. बंदुकीच्या व्यवहारात चूक झाली तर एखाद्याचा जीव जातो, आणि ज्याने ती विकली तो, आपला काही संबंध नाही असे शपथेवर सांगत असतानाही, आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो.

देवरूखसारख्या ठिकाणी या विषयाकडे चैनीचा किंवा शौकाचा विषय म्हणून पाहता येत नाही. संगमेश्वर तालुक्याचे हे मुख्य ठिकाण सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. मार्लेश्वराच्या बाजूला जावे तसतशी शेते अरुंद होत जातात आणि रान जवळ येते. तालुक्याच्या पूर्वेला घाटमाथ्यापलीकडे चांदोलीचे जंगल आहे. ते २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१० मध्ये कोयनेसह सह्याद्री व्याघ्रप्रकल्पात समाविष्ट झाले. रानाला सरहद्द असते ती नकाशावर. रानडुक्कर, साळिंदर, वानर आणि अलीकडे गवा हे नकाशा वाचत नाहीत. भात पोटरीला आले की डुकरांचा कळप एका रात्रीत खाचर उलथेपालथे करून जातो. नाचणी, भुईमूग, काजू, नारळ, आंबा यांपैकी काहीही सुरक्षित राहत नाही. रात्रभर खोपीत बसून डबे वाजवणारा, टेंभा घेऊन फिरणारा शेतकरी शेवटी बंदुकीकडे वळतो तो हौसेने नव्हे. कित्येक ठिकाणी शेती पडीक टाकण्याचे एक कारण मजुरांची टंचाई हे जसे आहे, तसे हे रानटी पाहुणेही आहेत. म्हणून शेतीसंरक्षणाचा परवाना आणि त्यावरची ठासणीची, क्वचित काडतुसाची, एकनळी बंदूक ही कोकणातल्या शेतघरात कोयती आणि नांगर यांच्याच पंक्तीला बसलेली आहे.

आणि नेमके हेच संकटाचे मूळ आहे. नांगर शेजाऱ्याला द्यावा, बैल उसना न्यावा, त्याप्रमाणे बंदूकही नेली आणि दिली जाते. म्हाताऱ्याला आता दिसत नाही, त्याने ती वाडीतल्या धडधाकट माणसाला काही रकमेत देऊन टाकली; पैसे हातात पडले, चहा झाला, व्यवहार संपला. परवाना म्हाताऱ्याच्या नावावर, बंदूक दुसऱ्याच्या माळ्यावर, आणि नूतनीकरणाची मुदत आली की बंदूक एका दिवसापुरती पूर्वीच्या मालकाकडे परत! यात कोणालाही आपण गुन्हा करीत आहोत असे वाटत नाही. उलट आपण शेजारधर्म पाळला, अशीच उभयतांची भावना असते. पण डुक्कर समजून झुडपात झाडलेला बार आपल्याच सोबत्याला लागल्याच्या बातम्या कोकणातील वृत्तपत्रांतून अधूनमधून येत असतात. अशा प्रसंगी पोलिसांचा पहिला प्रश्न असतो तो हाच, की बंदूक कोणाची? त्या प्रश्नाचे उत्तर वाडीतील सर्वांना ठाऊक असलेले एक असते आणि कागदावरचे दुसरे असते. ज्याच्या हातून बार उडाला तो विनापरवाना शस्त्र बाळगल्याबद्दल अडकतो, आणि ज्याच्या नावावर परवाना आहे तो ते दुसऱ्याच्या हाती दिल्याबद्दल. एका मृत्यूत तीन घरे बुडतात.

कायदा याबाबतीत फार दुर्बोध आहे, अशी समजूत आहे. ती पूर्णतः बरोबर नाही. आपल्याकडे शस्त्रांच्या कायद्याविषयी एक जुनी अढी आहे आणि तिला इतिहास आहे. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ मध्ये देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा झाला आणि त्याच वर्षी शस्त्रांचा कायदाही झाला. एकाने लेखणी काढून घेतली, दुसऱ्याने बंदूक. आणि युरोपियनांना या दुसऱ्या कायद्याच्या जाचातून मोकळे ठेवले. काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांतून त्याविरुद्ध मागणी होत राहिली, आणि अहिंसेचे उद्गाते गांधीजी यांनीही १९१८ मध्ये सैन्यभरतीच्या पत्रकात संबंध राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या या कृत्याची गणना ब्रिटिशांच्या काळ्याकुट्ट कृत्यांत केली होती. परंतु तो कायदा आता नाही. स्वतंत्र भारताच्या संसदेने १९५९ मध्ये नवा शस्त्र अधिनियम केला आणि १९६२ च्या ऑक्टोबरपासून तो अंमलात आला. त्याची वृत्ती निराळी आहे. ज्याच्या पूर्वचरित्रात काही वावगे नाही अशा नागरिकाला परवान्याने शस्त्र मिळावे, हे त्यात गृहीत आहे. इतकेच नव्हे, तर कलम १३ मध्ये, खऱ्याखुऱ्या शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागणाऱ्याला तो द्यावा, असे स्पष्ट म्हटले आहे. ठासणीची बंदूक पुरी पडणार नाही अशी खात्री झाल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येते. अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणाने परवाना नाकारू नये, हेही पुढच्या कलमात आहे. गरीब कुळाची इतकी आठवण ठेवणारे कायदे आपल्याकडे फार नाहीत.

दोन खाजगी व्यक्तींमधील विक्रीबाबतही कायद्याने वाट मोकळी ठेवली आहे. बंदूक विकण्याचा धंदा करावयाचा तर व्यापाऱ्याचा परवाना हवा, हे उघड आहे. पण स्वतःच्या उपयोगासाठी कायदेशीरपणे बाळगलेली बंदूक ज्याला ती बाळगण्याचा अधिकार आहे अशा दुसऱ्या व्यक्तीला विकण्यास अशा परवान्याची गरज नाही, असे कलम ५ सांगते. अट दुहेरी आहे. विकणाऱ्याने आपला हेतू आणि घेणाऱ्याचे नाव व पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याला लेखी कळवावयाचा. आणि असे कळविल्यानंतर किमान ४५ दिवस लोटल्याशिवाय बंदूक हातची सोडावयाची नाही. कलमाची भाषा पाहिली तर ही पूर्वसूचना आहे, याचना नव्हे. हे पंचेचाळीस दिवस कशासाठी, असे विचारले जाते. ते घेणाऱ्याची चौकशी करण्यासाठी आहेत. ज्याचे वय २१ पूर्ण नाही, ज्याला हिंसेच्या गुन्ह्यात शिक्षा झाली आहे किंवा जो मनाने भ्रमिष्ट आहे, अशाच्या हाती शस्त्र जाऊ नये याची जबाबदारी विकणाऱ्यावरही आहे. पण ती पार पाडण्याचे साधन त्याच्याजवळ नाही. समोरच्या माणसाविषयी दुसऱ्या तालुक्यात काय नोंदले गेले आहे, हे त्याला कसे कळावे? ते काम सरकार त्याच्या वतीने करते. म्हणजे ही मुदत विकणाऱ्याच्या संरक्षणासाठी आहे, हे ध्यानात घेतले तर तिचा जाच वाटणार नाही.

आता प्रत्यक्ष कागदांविषयी. गावात अर्ज लिहून देण्याचे काम शेवटी शिक्षकाकडेच येते आणि तो अर्ज वाचण्याचे काम कारकुनाकडे. तेव्हा या तपशिलाचा कंटाळा या दोघांनी तरी करू नये. सूचनेच्या पत्रात विकणाऱ्याचे नाव, पत्ता, परवान्याचा क्रमांक आणि मुदत असावी. बंदूक ठासणीची की काडतुसाची, एकनळी की दुनळी, तिच्यावर कोणाची नाममुद्रा आणि कोणता क्रमांक कोरलेला आहे, हे असावे. घेणाऱ्याचे नाव, पत्ता आणि त्याच्या परवान्याचा क्रमांक असावा. पत्र दोन प्रतींत न्यावे आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय उठू नये. पंचेचाळीस दिवसांची मोजणी त्या शिक्क्यापासून सुरू होते, ‘साहेबांच्या कानावर घातले आहे’ येथपासून नव्हे. बंदुकीवरचा क्रमांक परवान्यावरून उतरवून न घेता प्रत्यक्ष नळीवर वाचावा. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी लिहिलेल्या परवान्यावर तीनचा आठ झालेला असतो, आणि घासून घासून गुळगुळीत झालेल्या नळीवर कधी क्रमांकच दिसत नाही. ज्या बंदुकीवर ओळखीची खूण नाही तिची विक्री कायद्याला मान्य नाही. आणि खूण दिसत नाही म्हणून घरच्या घरी ठोकून घेणे हा तर निराळा आणि गंभीर गुन्हा आहे. अशा बंदुकीचे काय करावयाचे ते आधी परवाना शाखेला विचारावे, गिऱ्हाईक मग पाहावे.

घेणाऱ्याचा परवाना खरा आहे एवढे पाहून भागत नाही. तो कशाचा आहे हे पाहावे लागते. ठासणीच्या बंदुकीसाठी दिलेल्या परवान्यावर काडतुसाची बंदूक घेता येत नाही. त्याच्याजवळ आधीच किती शस्त्रे आहेत हेही विचारावे, कारण १९८३ पासून एका व्यक्तीला तीन बंदुकांची मर्यादा होती ती डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने दोनवर आली आहे. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांऐवजी पाच वर्षांची झाली, ही त्यातल्या त्यात दिलाशाची गोष्ट. २०१६ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक परवानाधारकाला राष्ट्रीय नोंदणीतला विशिष्ट ओळख क्रमांक असावा लागतो. जुना पुस्तकी परवाना आहे, पण हा क्रमांक त्यावर चढलेलाच नाही, असे निघाल्यास व्यवहार तेथेच थांबवणे शहाणपणाचे. आणि सर्व झाल्यानंतर, विकणाऱ्याच्या परवान्यावरून बंदूक कमी झाल्याची व घेणाऱ्याच्या परवान्यावर ती चढल्याची, अशा दोन्ही नोंदी व्हावयास हव्यात. एकच नोंद झाली तर सरकारच्या दृष्टीने एकाच्या दोन बंदुका होतात आणि त्यांतली एक कायमची बेपत्ता असते!

कागदांपेक्षाही अवघड भाग रीतीभातीचा आहे, कारण ती कुठे छापलेली नाही. कोकणात बैल विकत घ्यावयाचा तर तो चार दिवस घरी आणतात, जोताला लावून पाहतात, पटला नाही तर परत करतात. आणि त्यात कोणाचा अपमान होत नाही. बंदुकीला हा न्याय लावता येत नाही. ‘दोन दिवस नेऊन बघतो’ असे घेणाऱ्याने म्हणू नये, आणि म्हटले तर विकणाऱ्याने नाही म्हणण्याचा संकोच करू नये. पाहावयाची तर विकणाऱ्याच्या घरी, त्याच्या देखत, दिवसाउजेडी पाहावी. ती दाखवण्यापूर्वी रिकामी आहे याची खात्री घरमालकाने स्वतः करावी आणि पाहुण्याने ती पुन्हा करावी. पहिल्याने केली असताना दुसऱ्याने केली म्हणून पहिल्याने रागावू नये. ठासणीच्या बंदुकीबाबत हे विशेष जपावे लागते. काडतुसाची बंदूक मोडून पाहता येते. ठासणीची आत भरलेली आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही, आणि पावसाळ्याच्या आधी ठासून ठेवलेला बार दिवाळीपर्यंत तसाच राहिल्याची उदाहरणे जुनी माणसे सांगतात. यावर त्यांचाच उपाय असा, की गज नळीत शेवटपर्यंत घालून त्यावर तोंडाशी खूण करावी, मग तोच गज बाहेरून नळीच्या बाजूला धरावा. खूण टोपी बसते त्या जागेपर्यंत पोहोचली तर नळी मोकळी. चार बोटे कमी पडली तर आत काहीतरी आहे. वाडवडिलांचे हे शहाणपण कोणत्याही शासकीय पुस्तिकेच्या तोडीचे आहे.

बंदूक दाखवताना मुलांना बाहेर पाठवावे. नळी माणसाकडे, गोठ्याकडे, शेजारच्या पडवीकडे करू नये, हे सांगावे लागू नये. पण सांगावे लागते. किंमत पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात ठरवू नये. कागद पुरे होण्याआधी विसार घेऊ नये, कारण विसार घेतला की भिडेने बंदूक आधी द्यावी लागते, आणि सगळा घोळ तेथून सुरू होतो. घ्यावयाचाच तर, परवान्यावर नोंद न झाल्यास विसार परत, असे दोन ओळींत लिहून घ्यावे. मोबाईलवर बंदुकीचे छायाचित्र काढून ते दहा गटांवर फिरवणे आणि गिऱ्हाईक शोधणे हा नवा अव्यापारेषु व्यापार तर सर्वस्वी टाळावा. ज्याच्याकडे बंदूक आहे आणि ज्याच्याकडे ती विकाऊ आहे, अशा घराचा पत्ता आपण कोणकोणास देत आहोत याची कल्पना छायाचित्र धाडणाऱ्याला नसते. घेणाऱ्याने परवाना दाखवा असे म्हटल्यावर ‘आमच्यावर विश्वास नाही काय?’ हा प्रश्न विचारू नये. विश्वास आहे म्हणूनच तर त्याला दारात उभे केले. खरे तर परवाना मागण्याआधीच पुढे करावा, आणि विकणाऱ्यानेही आपला पुढे करावा, म्हणजे भिडेचा प्रश्नच उरत नाही. नव्या मालकाला बंदुकीचा दोषही सांगावा. चाप हलका झाला आहे, घोडा अर्ध्यावर ठरत नाही, दस्त्याला चीर आहे, हे लपवून दोनशे रुपये जास्त मिळतील. पण दोष लपवून विकलेली गाय दूध देत नाही एवढेच, हलक्या चापाची बंदूक चुकून उडते.

उसनी देण्याविषयी एक शब्द वेगळा लिहिला पाहिजे. परवानाधारकाच्या समक्ष, किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रानिशी दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी वा त्याच्याच वापरासाठी, दुसऱ्याने बंदूक नेली तर कायदा आड येत नाही. म्हणजे आजारी वडिलांची बंदूक मुलाला चिठ्ठी देऊन नूतनीकरणासाठी नेता येते. पण चिठ्ठी नसली तर तोच मुलगा एस.टी.तून विनापरवाना शस्त्र नेणारा ठरतो. आणि ‘आज रात्री आमच्या खाचरात डुकरे उतरली आहेत, जरा बंदूक द्या’ ही विनंती कितीही रास्त असली तरी ती या सवलतीत बसत नाही. तेथे बंदुकीच्या मालकाने स्वतः राखणीला जाणे हाच शेजारधर्म. तेवढ्यानेही सर्व भागत नाही, हे आणखी दुःख. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याची परवानगी नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि पिकाची नासाडी करणाऱ्या जनावरालाही मारण्यासाठी त्याप्रमाणे वनाधिकाऱ्यांची परवानगी लागते. गवा तर पहिल्याच अनुसूचीत आहे. शिवाय अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला नवीन शस्त्रपरवाना द्यावयाचा तर मुख्य वन्यजीव संरक्षकांची संमती हवी. तालुक्याच्या पूर्व टोकाकडील गावात, जेथे उपद्रव सर्वांत अधिक तेथेच, बंदूक मिळणे सर्वांत अवघड आहे. मग जुनी, कोणाच्या तरी नावावर असलेली बंदूक तोंडी व्यवहाराने त्या बाजूला सरकत जाते. यात आश्चर्य कसले?

सर्वांत अधिक बंदुका कागदाबाहेर जातात त्या मात्र विक्रीने नव्हे, मृत्यूने. परवानाधारक वारतो, मुलगा मुंबईत गिरणगावाच्या जागी उभ्या राहिलेल्या एखाद्या कचेरीत नोकरीला, घरी आई किंवा चुलती. बंदूक माळ्यावर जाते. गणपतीला आलेला चाकरमानी ती पाहतो, ‘पुढच्या खेपेला बघू’ म्हणतो आणि परततो. त्याला ठाऊक नसते की परवाना वडिलांबरोबर संपला आणि आता त्या घरातली बंदूक बेकायदा आहे. कायद्याचा मार्ग असा, की विनाविलंब ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करावी. जमा केली म्हणजे ती गेली, ही समजूत चुकीची आहे. कलम २१ प्रमाणे वारसाने विहित मुदतीत स्वतः परवाना मिळवला तर ती त्याला परत मिळते. नको असेल तर अधिकारी व्यक्तीला ती विकून पैसे घेता येतात. काहीच केले नाही तर मात्र ती सरकारजमा होते. मृत्यूपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. परवानाधारकाचे वय ७० झाले किंवा बंदूक बाळगून २५ वर्षे झाली, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, हयातीतच वारसाच्या नावे परवाना करून घेण्याची सोय २०१६ च्या नियमांत आहे. आमच्या वाचकांतील महाविद्यालयीन तरुणांनी या सुट्टीत आपल्या आजोबांच्या परवान्याची तारीख एकदा वाचावी. ज्याला शेती करावयाची नाही त्याने ती बंदूक शेती करणाऱ्या चुलतभावाला रीतसर द्यावी. घराण्याची खूण म्हणून भिंतीवर टांगण्याची वस्तू ती नाही.

हे सर्व नागरिकाला सांगितले. पण सरकारला काही सांगावयाचे नाही काय? परवान्यांचा कारभार रत्नागिरीला. देवरूखहून एस.टी.ने गेले की दिवस मोडतो, आणि एका खेपेत काम होते असे सहसा नसते. पोलिसांचा अहवाल विहित मुदतीत न आल्यास त्याची वाट न पाहता निर्णय देता येतो, असे कायदाच म्हणतो. ‘अहवाल आलेला नाही’ हे वाक्य तरीही कोणत्याही परवाना शाखेचे आवडते वाक्य असते. नव्या नियमांनी ओळख क्रमांक, संगणकीय नोंद, शस्त्र हाताळण्याच्या शिक्षणाचा दाखला अशा गोष्टी आणल्या. त्यांत गैर काहीच नाही. पण ज्याने चाळीस वर्षे बंदूक हाताळली त्या साठीच्या शेतकऱ्याने हे कोठे आणि कोणाकडून मिळवावे, हे त्याच्या बोलीत सांगणारा माणूस तालुक्यात असावयास हवा. कारकुनाने ‘उद्या या’ म्हटले की त्याचा अर्थ शेतकऱ्याच्या हिशेबात एक मजुरी आणि दोन तिकिटे असा होतो. सरळ मार्ग इतका लांब आणि आडमार्ग इतका जवळ असला, तर सरळ माणसेही आडमार्गाने जातात.

निवडणूक आली की या दैन्यात भर पडते. आचारसंहिता लागते आणि बंदुका ठाण्यात जमा करण्याचे हुकूम निघतात. २०२४ मध्ये ही वेळ दोनदा आली. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि जूनपर्यंत राहिली, म्हणजे काजू आणि आंब्याचा संबंध हंगाम. विधानसभेची १५ ऑक्टोबरला लागली, म्हणजे भात कापणीला आलेले. वानरांना आणि डुकरांना आचारसंहिता लागू नाही. वस्तुतः सरसकट सर्वांच्या बंदुका जमा कराव्यात असे निवडणूक आयोगही म्हणत नाही. जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्या छाननी समितीने ज्यांच्याविषयी शंकेला जागा आहे अशांचीच शस्त्रे घ्यावीत, अशी योजना आहे. मुंबई उच्च न्यायालयानेही सरसकट जमा करण्याचा मार्ग मान्य केलेला नाही. पण छाननीला वेळ लागतो आणि सरसकटीला लागत नाही. ज्याला दर निवडणुकीस बंदूक ठाण्यावर नेऊन द्यावी लागते आणि गंज चढलेल्या स्थितीत परत आणावी लागते, तो एक दिवस ती तोंडी व्यवहाराने कोणाच्या तरी गळ्यात घालून मोकळा होतो. हा त्याचा दोष आहेच. पण तो एकट्याचा नाही.

इतरत्र काय चालते हे पाहिले तर आपला कायदा विशेष कठोर आहे असे दिसत नाही. ब्रिटनमध्ये १९९७ च्या दुरुस्तीनंतर खाजगी हस्तांतरण समक्षच करावे लागते आणि सात दिवसांत पोलिसांना कळवावे लागते. स्वित्झर्लंडमध्ये, जेथे घरोघर बंदुका आहेत असे कौतुकाने सांगितले जाते, तेथे परवान्याशिवाय घेता येणाऱ्या शस्त्रांचासुद्धा खरेदीचा लेखी करार करून तो दहा वर्षे जपून ठेवावा लागतो. याउलट अमेरिकेत १९९३ च्या ब्रॅडी कायद्याने व्यापाऱ्यांवर गिऱ्हाइकाची चौकशी करण्याचे बंधन घातले, परंतु दोन खाजगी व्यक्तींमधील व्यवहार त्यातून सुटला. अनेक राज्यांत तो आजही नुसत्या हस्तांदोलनाने होतो आणि त्याचे परिणाम तेथील लोक भोगीत आहेत. घराजवळचे उदाहरण कोडगूचे. तेथील कोडव समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना ब्रिटिश अमदानीपासून परवान्यातून सूट आहे; केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती ग्राह्य धरली. कोकणातील शेतकऱ्यालाही तशी सूट द्या, असे म्हणणारे लोक आहेत. ते आम्हांला पटत नाही. कोडगूची सूट एका परंपरेची आहे. कोकणाचा प्रश्न परंपरेचा नसून पिकाचा आहे, आणि त्याला सूट नको, सोय हवी.

ती सोय करणे फार खर्चाचे नाही. जिल्ह्याच्या परवाना शाखेने वर्षातून दोनदा, एकदा गणपतीच्या सुट्टीत आणि एकदा मे महिन्यात, म्हणजे मुंबईकर गावी असतात तेव्हा, देवरूखला तहसील कचेरीत दोन दिवस बसावे. वारसांचे अर्ज, ७० वर्षांवरील परवानाधारकांची हस्तांतरणे, क्रमांकांची प्रत्यक्ष पडताळणी आणि पंचेचाळीस दिवस पुरे झालेल्या विक्रीच्या दुहेरी नोंदी तेथेच कराव्यात. ठाण्यात जमा असलेल्या मयत परवानाधारकांच्या बंदुकांबाबत वारसांना, ती सरकारजमा होण्यापूर्वी, मराठीत एक पत्र जावे. मुंबईचा पत्ता ग्रामपंचायतीकडे असतो. आणि आचारसंहितेच्या काळात ज्यांच्या बंदुका घ्यावयाच्या त्यांची यादी छाननी समितीने हंगामाआधी तयार ठेवावी. जिल्हा परिषदेच्या आणि पंचायत समितीच्या निवडणुकांचे वेळापत्रक काही आभाळातून पडत नाही. भाताच्या कापणीचे तर मुळीच नाही.